कामाला

नव्या संचालकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण धुलाईखान्यात ते कोणी कधी घेतलं नाही. आल्याच्या आठवड्यातच त्यांचं नामकरण होऊन गेलं होतं: विथसाहेब. नाव ठेवलं धुलाईखान्यातल्या मावशींनी, आणि ते इतकं चपखल बसलं की स्वयंपाकघरातली, दारावरची, एवढंच काय, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसंसुद्धा त्यांना त्याच नावानं ओळखू लागली.

झालं होतं असं. वृद्धाश्रमाचा ताबा घेतल्यावर साहेबांनी सगळ्यांना जेवणघरात गोळा केलं. साहेब बरीच वर्षं अशा देशात राहून आले होते की जिथं कुत्र्यालाही इंग्रजीतूनच हाकलतात. त्यांनी हसतमुखानं सुरुवात केली आणि पहिलाच प्रश्न दारावरच्या पहारेकऱ्याला टाकला, "काका, तुम्ही काय करता?"

"मी इथं कामाला आहे साहेब."

"नो, नो, नो!" साहेबांनी दोन्ही हात असे हलवले की जणू कोणी त्यांच्या अंगावर पाणी उडवत होतं. "हा विचारच डोक्यातून काढून टाका. आजपासून तुम्ही इथं कामाला नाही."

पहारेकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. हातातली टोपी त्यानं आधी छातीशी धरली, मग डोक्यावर घातली, मग परत काढली. "साहेब, माझं काय चुकलं? गेटवरून मी एक दिवस हललो नाही. पोरं लहान आहेत माझी."

त्याला नोकरीवरून काढलेलं नाही हे पटवता पटवता साहेबांना घाम फुटला. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. सुधारलेल्या जगात, ते म्हणाले, माणूस कोणाकडे कामाला नसतो. वर्क फॉर म्हणायचं नाही, वर्क विथ म्हणायचं. फॉर म्हटलं की एक वर आणि एक खाली. विथ म्हटलं की खांद्याला खांदा. आपण सगळे मिळून म्हाताऱ्या माणसांच्या सन्मानाचं कार्य करतो आहोत, तेव्हा इथं मालक नाही आणि नोकर नाही. "फॉर नाही," साहेबांनी बोट नाचवलं. "काय म्हणायचं? विथ!"

"विथ," सगळे म्हणाले. पहारेकरीही म्हणाला, पण पगाराच्या दिवशी पाकीट हातात पडेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

पुढच्या आठवड्यात नवे बिल्ले आले. जुन्या बिल्ल्यावर 'कर्मचारी' असं होतं, नव्यावर 'साथी'. मावशींनी तो पदराला लावला आणि दुपारी वृद्धाश्रमातच राहणाऱ्या आपल्या आईच्या खोलीत गेल्या. आई खिडकीजवळच्या खाटेवर उशांच्या आधारानं बसली होती. ऐंशीच्या पुढं गेलेली, कंबरेखाली लुळी पडलेली, एका कानानं बहिरी आणि दुसऱ्यानं सोयीपुरती बहिरी.

"हे काय लटकवलंयस?"

"आता आम्ही साथी झालो, आई."

"साथ आलीय?" म्हातारी दचकली. "कसली? हगवणीची?"

"साथ नाही गं, साथी!"

"एकच ते. पाणी उकळून द्यायला सांग."

मावशी त्या दिवशी पोट धरून हसल्या. म्हातारीनं किती नेमकं निदान केलं होतं ते त्यांना नंतर कळायचं होतं.

आता मावशींबद्दल. वृद्धाश्रमात त्यांना शेंबड्या नातवंडांपासून डॉक्टरांपर्यंत सगळेच मावशी म्हणत. राबणाऱ्या बाईला मावशी म्हणण्यात मोठी सोय असते. नाव लक्षात ठेवावं लागत नाही आणि आवाज चढवला तरी घरच्यासारखं वाटतं. खरी भाची मात्र एकच होती, धाकट्या बहिणीची मुलगी, आणि ती त्याच वृद्धाश्रमाच्या कार्यालयात दुभाष्याचं काम करायची. परदेशी देणगीदारांशी बोलणं, त्यांच्या पत्रांची उत्तरं, सगळं तिच्याकडे. आणि गंमत बघा, अख्ख्या इमारतीत फक्त ही सख्खी भाचीच चारचौघांत त्यांना 'धुलाई-साथी' म्हणायची, कारण साहेबांना कार्यालयात नातीगोती चालत नसत. जेवणाच्या सुट्टीत ती धुलाईखान्यात येऊन बसली की मग "मावशी गं" सुरू व्हायचं.

धुलाईखाना तळघरात होता. कपडे धुण्याची दोन मोठी यंत्रं, त्यातलं एक कायम आजारी. भिंतीला लागून सिमेंटची टाकी, जंतुनाशकाच्या पाण्यानं भरलेली. पलीकडे इस्त्रीचा वाफेचा रूळ, ज्यानं मावशींच्या डाव्या मनगटावर एक गुळगुळीत पांढरा डाग कायमचा छापला होता. चादरी, उशांचे अभ्रे, झबल्यासारखे अंगरखे वरून गोण्यांमधून खाली यायचे. पांढऱ्या गोणीत नुसतंच मळलेलं, पिवळ्या गोणीत भरलेलं. भरलेलं म्हणजे काय ते सांगायला नको. मावशी पिवळ्या गोणीला 'प्रसाधन' म्हणायच्या. पंधरा-सोळा वर्षं त्या ह्या वासात उभ्या होत्या आणि त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं, असं लोक समजत. खोटं आहे. रोज वाटायचं. पण त्या ते करायच्या, आणि का करायच्या हे त्यांना पक्कं माहीत होतं.

कारण वर खिडकीजवळच्या खाटेवर बसलं होतं.

आधीचे व्यवस्थापक होते त्यांना सगळे खेकसराव म्हणत. हा माणूस 'शुभ सकाळ'सुद्धा खेकसूनच म्हणायचा. "कामाला आलीस ना? मग कामाला लाग!" हे त्याचं रोजचं. पण मावशींची आई जिन्यावरून पडली, तेव्हा ह्याच माणसानं तळघरात येऊन खेकसून सांगितलं होतं, "रडतेस काय? घेऊन ये तिला इथं. जो इथं कामाला आहे त्याच्या आईबापाला इथं खाट मिळेल. विश्वस्तांना मी बघतो." आणि त्यानं खरोखरच बघितलं. तसा नियमच करून घेतला. मावशींची स्वतःची जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, लिफ्ट नाही, जिना असा अरुंद की कपाट चढवताना गॅलरीतून दोरानं ओढावं लागलं होतं. तिथं म्हातारीला चढवायचं कसं आणि दिवसभर तिची कूस बदलायची कोणी? त्या खाटेमुळं म्हातारी जिवंत होती. एवढं साधं गणित होतं.

साहेबांनी आठवड्यातून दोनदा इंग्रजीचा तास सुरू केला. देणगीदार आले की प्रत्येकाला चार वाक्यं बोलता यायला हवीत. "आय वर्क विथ द होम," सगळे घोकायचे. आचारी तर भाजी ढवळताना घोकायचा. धुलाईखान्यात जेवणाचे डबे उघडले की भाचीची उलटतपासणी व्हायची.

"मला एक सांग," मावशी एकदा म्हणाल्या, "ती माणसं खरंच असं बोलतात का गं? कामाला आहे असं म्हणतच नाहीत?"

"म्हणतात की. वर्क फॉर म्हणतात. पण काही जणांना ते आवडत नाही. मग म्हणतात, आय ॲम विथ अमुक बँक."

"बँकेबरोबर? म्हणजे काय, बँकेशी लग्न लागलंय?"

भाचीला ठसका लागला. "आणि फॉरची आणखी एक गंमत आहे. एखादा म्हणतो, आय वर्क फॉर अमुक कंपनी. दुसरा म्हणतो, आय वर्क फॉर शांतता. शब्द तोच."

मावशींनी घास हातात तसाच धरला. "थांब, थांब. आपण शेठकडे कामाला असतो आणि पोरांसाठी काम करतो. कडे वेगळं, साठी वेगळं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि त्यांच्यात दोन्हीला एकच शब्द?"

"एकच."

"म्हणजे पगार देणारा आणि ज्याच्या मायेपोटी माणूस हाडं झिजवतो तो, दोघांना एकाच मापात मोजतात? मग त्यांना फरक कळत नाही, की कळू द्यायचा नाही?"

"मावशी, तू जेव," भाची म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चित्रपट काढायला एक बाई आली. देणगीदारांना दाखवण्यासाठी संस्थेवर छोटी फिल्म करायची होती. बाई उंच, गुडघ्याला ठिगळ लावलेली विजार, आणि बोलणं अगदी सरळ. वर फुलदाण्या आणि हसऱ्या आजीबाई टिपून झाल्यावर ती म्हणाली, मला खाली जायचंय, खरं काम बघायचंय. साहेबांनी चार सबबी सांगितल्या, पण ती खाली आलीच. पाठोपाठ साहेब, आणि दोघांच्या मध्ये भाची.

मावशी टाकीत चादर पिळत होत्या. बाईनं कॅमेरा लावला आणि विचारलं, "हू डू यू वर्क फॉर?"

फॉर ऐकून साहेबांच्या कपाळावर आठी उमटली, पण पाहुणीला बोट नाचवून सांगायची सोय नव्हती. भाचीनं घाईघाईत भाषांतर केलं, "तुम्ही कोणासाठी काम करता?"

मावशींनी पिळलेली चादर बादलीत टाकली. हा काय विचारायचा प्रश्न झाला? "आईसाठी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणासाठी करणार? आई नसती तर ह्या घाणीत मी एक दिवस उभी राहिले नसते."

भाचीनं ते इंग्रजीत सांगितलं. चित्रपटवाल्या बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं मावशींचा ओला हात धरला, काहीतरी पुटपुटली आणि कॅमेरा कितीतरी वेळ त्यांच्या मनगटावरच्या डागावर रोखून धरला. साहेबांचा चेहरा उजळला. ही तर लॉटरीच लागली होती.

महिन्याभरात दर्शनी दालनात भिंतभर फोटो झळकला. घामेजलेल्या मावशी, हातात चादर, आणि खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: 'आय वर्क फॉर माय मदर.' त्याखाली, बारीक अक्षरांत: 'येथे प्रत्येक वृद्ध आमची आई आहे.' मावशींनी हे दुसरं वाक्य भाचीकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "असं कधी म्हटलं मी? माझी आई एकच आहे. दोन असत्या तर मी वेडी झाले असते."

फोटोनं देणग्यांचा पूर आणला म्हणतात. धुलाईखान्यात त्या पुराचा थेंबही आला नाही. आजारी यंत्र आजारीच राहिलं.

मग एके दिवशी साहेबांनी मावशींना वर बोलावून घेतलं. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मावशींना तिथंच शंका आली. खेकसरावांनी कधी खुर्ची दिली नव्हती आणि कधी काही काढूनही घेतलं नव्हतं.

"मावशी, तुम्ही म्हणजे आमच्या संस्थेचा चेहरा आहात."

मावशींनी चहाचा कप हातात घेतला.

"तुम्हाला तर माहीतच आहे, बाहेर खाटांसाठी किती लोक थांबलेत. आम्ही सगळ्या सवलतींचा पुन्हा विचार करतोय. तुमच्या आईंची खाट आहे ना, ती कर्मचाऱ्यांच्या पालकांसाठीच्या नियमातून दिलेली आहे." साहेबांनी बोटांची टोकं एकमेकांना जुळवली. "आणि आता इथं कर्मचारी कोणी उरलेलंच नाही. आपण सगळे साथी. मग तो नियमच लागू होत नाही, असं विश्वस्तांचं मत पडलं."

मावशींना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. आईचा रोग आपल्याला लागला. "साहेब, म्हणजे आईला न्यायचं?"

"महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. घाई नाही."

"पण मी तर इथं कामाला आहे!"

"पुन्हा तेच!" साहेब हसले. इतकं गोड हसले की मावशींना तो चहाचा कप त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. "मावशी, तुम्ही स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगितलंत, तुम्ही संस्थेसाठी काम करत नाही, आईसाठी करता. किती सुंदर भावना आहे ती! अशा भावनेला सवलतीची गरज असते का?"

मावशी खाली आल्या आणि पिवळ्या गोण्यांच्या ढिगावर मटकन बसल्या. त्या सहसा रडणाऱ्यातल्या नव्हत्या, पण त्या दिवशी रडल्या, आणि रडताना अशा शिव्या देत होत्या की यंत्राजवळची बाई काम टाकून ऐकत राहिली. भाची धावत आली. सगळं ऐकल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"चूक माझी आहे, मावशी. ती बाई विचारत होती, तू कोणाकडे कामाला आहेस. मी 'कोणासाठी' म्हटलं. 'कोणाकडे' म्हणायला हवं होतं. तू 'वृद्धाश्रमाकडे' म्हणाली असतीस आणि विषय संपला असता."

"चूक तुझी नाही," मावशींनी नाक पुसलं. "तू नुसता शब्द चुकलीस. त्यानं चुकलेला शब्द उचलून खिशात घातला."

"मी जाऊन सांगते साहेबांना."

"काय सांगशील? त्याला माहीत नाही का? फॉर नको, विथ म्हणा, म्हणून महिनोन्महिने डोकं खाल्लं आमचं. मला वाटलं खुळा आहे. खुळा कसला, पक्का आहे पक्का! कामाला ठेवलेल्या माणसाचं काहीतरी लागतं देणं. बरोबरच्या माणसाचं काय लागतं? 'ये, बस, जा.'"

आईला त्यांनी काही सांगितलं नाही. नुसती कूस बदलली, पाठीला पावडर लावली. म्हातारी म्हणाली, "आज दोनदा लावलीस पावडर." मावशी म्हणाल्या, उकाडा आहे.

महिनाअखेर जवळ आली आणि तेव्हाच पाहुणे यायचे ठरले. मोठे देणगीदार, सगळे इंग्रजी बोलणारे, त्यांच्यात एक पांढऱ्या केसांची वयस्कर बाई, जिच्या शब्दावर म्हणे निम्मी देणगी अवलंबून होती. वृद्धाश्रमात रंगरंगोटी झाली. प्रत्येक खाटेवर ताजी धुतलेली, इस्त्री केलेली चादर हवी, असा हुकूम सुटला. विथवाले हुकूम सोडत नसतात, तेव्हा तो 'विनंती' म्हणून सुटला, पण विनंती तीनदा आली आणि तिसऱ्यांदा ओरडत आली. सकाळपासून गोण्यांवर गोण्या तळघरात येऊन पडल्या.

मावशींनी नवा बिल्ला ठळक दिसेल असा पदराला लावला. स्टूल ओढलं. टाकीशेजारी बसल्या आणि हातावर हात ठेवले.

"मावशी, यंत्र लावायचं ना?" जोडीदारणीनं विचारलं.

"थांबलेय मी. साथी यायचेत."

वरून निरोप आला, चादरी कुठंयत. मावशींनी तेच उत्तर पाठवलं. दुसरा निरोप आला, तिसरा आला. चौथ्याला बहुधा साहेबच आले असते, पण तेवढ्यात पाहुणे दर्शनी दालनात पोचले होते आणि पांढऱ्या केसांची बाई भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, मला आधी हिला भेटायचंय. साहेबांनी बाग दाखवतो म्हटलं. बाई म्हणाली, बाग माझ्याकडेही आहे.

तर अशी सगळी वरात तळघरात उतरली. पुढं साहेब, बाजूला भाची, मागं नाकाला रुमाल लावावा की लावू नये ह्या पेचात पडलेले पाहुणे. आणि समोर मावशी, स्टुलावर, गोण्यांच्या डोंगरापुढं, एखाद्या पाहुण्याची वाट बघत असल्यासारख्या.

"मावशी!" साहेब दात दाखवत म्हणाले. "हे काय, अजून सुरुवात नाही?"

"तुमचीच वाट बघत होते साहेब." मावशी उठल्या, खुंटीवरचा रबरी एप्रन काढला आणि साहेबांपुढं धरला. मग हातमोजे. "विथ म्हणजे बरोबर ना? खांद्याला खांदा. या, बरोबर धुवू."

भाचीनं ते पाहुण्यांना सांगितलं. पाहुणे खूश! टाळ्या वाजल्या, दोघातिघांनी फोन काढले. आता मागं सरायला जागा नव्हती. साहेबांनी कोट काढून भाचीच्या हातात दिला आणि एप्रन चढवला. पांढऱ्या गोणीतले दोन अभ्रे त्यांनी चिमटीत धरून टाकीत सोडले, आणि हात झटकत, मोठं हसत ते पाहुण्यांकडे वळले. पुन्हा टाळ्या.

"वा," मावशी म्हणाल्या. "आता ही." आणि त्यांनी पिवळी गोणी उलटी केली.

ते वर्णन नको. आठ नंबरच्या आजोबांचं पोट आदल्या दिवशी बिघडलं होतं, एवढं पुरे. पाहुणे दोन पावलं मागं गेले. साहेब मात्र पाहुण्यांसमोर अडकलेले. त्यांनी एक कोपरा धरला, चादर घसरली आणि व्हायचं ते त्यांच्या बुटांवर झालं.

"मावशी, बास झालं आता," ते दातओठ खात हळू आवाजात म्हणाले. "बाकीचं तुम्ही करा."

"मी का? आपण करू. फॉर नाही, विथ."

"ऐका माझं."

"ऐकायला मी काय कामाला आहे का तुमच्याकडे?"

तिथं साहेबांचा तोल सुटला. इतक्या वर्षांचं इंग्रजी घशातच राहिलं आणि थेट आईच्या भाषेत, तेही एकेरीत, ते किंचाळले, "होय, आहेस! तू इथं कामाला आहेस, कळतंय का? पगार घेतेस ना? मग मुकाट्यानं काम कर!"

खेकसराव असते तर त्यांनाही हेवा वाटला असता.

पांढऱ्या केसांच्या बाईनं भाचीकडे बघितलं. हे काय म्हणाले? साहेबांनीही भाचीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात तिची नोकरी, बढती, शिफारसपत्र, सगळं होतं. भाचीच्या हातात त्यांचा कोट होता. आधी एकदा तिनं एक शब्द चुकवला होता. ह्या वेळी तिनं एकही चुकवला नाही. 'तू'ला इंग्रजीत वेगळा शब्द नाही, म्हणून तिनं थांबून तेही समजावून सांगितलं. शेवटी स्पष्ट म्हणाली, "शी वर्क्स फॉर अस."

साहेबांनी डोळे मिटले. फॉर! त्यांच्याच तळघरात, देणगीदारांसमोर, त्यांच्याच तोंडून. आता आभाळ कोसळणार ह्या बेतानं ते उभे राहिले.

काहीही कोसळलं नाही. पांढऱ्या केसांच्या बाईनं नुसत्या भुवया उंचावल्या. "असणारच," ती म्हणाली, आणि भाचीनं तिचा शब्द न् शब्द मावशींना सांगितला. "मी स्वतः सबंध आयुष्य एका विमा कंपनीकडे कामाला होते. त्यात लाज कसली? पण त्यांनी माझ्यावर ओरडलेलं मी खपवून घेतलं नसतं."

म्हणजे बघा! ज्यांच्यासाठी एवढा विथचा डोलारा उभा केला, त्यांना त्याचं सोयरसुतकही नव्हतं. त्यांच्या घरी फॉर हा रोजच्या वापरातला, पायपुसण्यासारखा बिनभानगडीचा शब्द होता. साहेबांनी इंग्रजांहून इंग्रजी होऊन जे कमावलं होतं ते बुटांवर पडलं.

मावशींनी संधी सोडली नाही. "तिला विचार," त्या भाचीला म्हणाल्या, "जो इथं कामाला आहे त्याच्या आईला इथं खाट, असा नियम आहे. मग फोटोतल्या बाईच्या आईची खाट राहणार ना?"

भाचीनं विचारलं. बाई साहेबांकडे वळली. तिनं काही लांबलचक विचारलं नाही. "राहणार ना?" एवढंच.

"ऑफकोर्स," साहेब म्हणाले. "ऑफकोर्स, ऑफकोर्स."

"आणि महिनाअखेर?" मावशींनी विचारलं.

"कसली महिनाअखेर? काहीतरी गैरसमज झालाय मावशी." ते पुन्हा 'तुम्ही'वर आले होते, पण मावशींना आता ते नकोच होतं. 'तू'मध्ये खाट होती.

पाहुणे वर गेले. साहेब बूट काढून अनवाणी गेले. मावशींनी पदराचा साथी बिल्ला काढला, टाकीच्या कठड्यावर ठेवला आणि यंत्र लावलं. जोडीदारीण हसून हसून लोळायची बाकी होती. भाची अजून कोपऱ्यात उभी होती, साहेबांचा कोट हातात तसाच.

"मला काढतील ते, मावशी."

"काढू देत तर. ती पांढऱ्या केसांची पाहुणी जाईस्तोवर तर नाही काढत. आणि तोपर्यंत तू तिचा पत्ता लिहून घे."

मग मावशी चादरी टाकीत दाबू लागल्या, आणि दाबता दाबता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हायसं वाटतंय. सगळ्यांसमोर एका माणसानं 'तू कामाला आहेस, मुकाट्यानं काम कर' असं खडसावलं, आणि आपल्याला हायसं वाटतंय! तेच ऐकण्यासाठी आपण सकाळपासून नटून बसलो होतो. ह्याचा त्यांना असा संताप आला की त्यांनी चादर कठड्यावर आपटली, पुन्हा आपटली, आणि साहेबांना घातल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या स्वतःला घातल्या. सन्मान, खांद्याला खांदा, सगळं त्यांनाही हवं होतं की. कोणाला नको असतं? पण देणाऱ्यानं एका हातानं सन्मान पुढं केला होता आणि दुसऱ्या हातानं खाट ओढली होती.

दुपारी पहिली सुकलेली चादर घेऊन त्या वर गेल्या. आईला कुशीवर वळवून अर्धी जुनी काढली, अर्धी नवी घातली, मग दुसऱ्या कुशीवर वळवलं.

"खाली आरडाओरडा कसला होता गं?" म्हातारीनं विचारलं. तेवढं मात्र तिला ऐकू आलं होतं.

"साहेब ओरडले."

"तुझ्यावर?"

"माझ्यावर."

"काय म्हणाले?"

मावशींनी चादरीचं टोक गादीखाली खोचलं, सुरकुती हातानं सपाट केली. "म्हणाले, तू इथं कामाला आहेस."

म्हातारीनं जरा विचार केला. "मग? पंधरा वर्षांनी कळलं का त्याला?" ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून घेतलं. "पायाकडून ओढ जरा. चुणी टोचतेय."

मावशींनी पायाकडून चादर ओढली.